रेकॉर्डिंगचे बटण दाबण्यापूर्वी

वाचकाचा प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या एका कारखान्यात गेली २२ वर्षे हिशेबाचे काम पाहणाऱ्या एका भगिनींचे हे पत्र आहे. मालकांनी नुकत्याच दोन नव्या मुली कामावर घेतल्या असून, “तुम्ही कॉम्प्युटरवर जे जे करता ते सगळे रेकॉर्ड करून ठेवा, त्या बघून शिकतील,” असे भगिनींना सांगितले आहे. त्यांनी एक सॉफ्टवेअर उतरवून पाहिले, तर १० मिनिटांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबले आणि चित्राच्या मधोमध त्या सॉफ्टवेअरचे नाव उमटले. पूर्ण आवृत्तीसाठी पैसे मोजण्याची मालकांची तयारी नाही. भाचा म्हणतो, “मावशी, मी क्रॅक टाकून देतो.” फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस येतो, असे भगिनींनी ऐकले आहे. ऑफिसातला कॉम्प्युटर ४ जीबी रॅमचा आहे. घरात तेलुगू बोलली जात असल्याने आपल्या मराठीचा हेल रेकॉर्डिंगमध्ये हास्यास्पद वाटेल, असा संकोचही त्यांना आहे. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा त्यांचा प्रश्न आहे. मात्र पत्राच्या तळाशी, सहीच्याही खाली, एक ओळ वेगळ्या शाईत लिहिली आहे: “सगळे रेकॉर्ड झाल्यावर माझे काय काम उरणार?”

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते: ‘ओबीएस स्टुडिओ’ घ्या. तेवढेच सांगून थांबलो, तर मात्र तुमच्याकडे येत्या महिनाभरात शंभरेक व्हिडिओ जमतील, त्या दोन मुली त्यांतले चार पाहतील, आणि उरलेल्यांत कोणाचा तरी आधार क्रमांक कायमचा अडकून पडलेला असेल. म्हणून सॉफ्टवेअरचे बोलून झाल्यावर बाकीचेही बोलू.

प्रथम भाच्याचा विषय निकाली काढतो. ज्या कॉम्प्युटरवर कारखान्याचे बँक व्यवहार होतात आणि जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात, त्यावर कुलूप तोडून आणलेले सॉफ्टवेअर बसवणे म्हणजे तिजोरीच्या खोलीची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे होय. क्रॅक चालवण्यासाठी बहुधा आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात, आणि ते कशासाठी हे वेगळे सांगायला नको. भाच्याचा हेतू चांगला आहे, पण त्याला नाही म्हणा.

आता ‘फुकट’ या शब्दाविषयी. ‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण हसून म्हणतो आणि मनात मात्र फुकटच्या वस्तूवर संशय धरतो. तुमच्या अनुभवात हा संशय योग्यच होता, कारण तुम्ही वापरलेले सॉफ्टवेअर फुकट नव्हतेच. ते विक्रीच्या मालाचा नमुना होते, आणि नमुन्याने ग्राहकाची अडवणूक करावी अशीच त्याची रचना असते. इंग्रजीत विनामूल्य आणि स्वतंत्र या दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने तिकडे हा घोळ नेहमी होतो. मराठीत सुदैवाने ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन वेगळे शब्द आहेत. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे कोणत्याही कामासाठी वापरण्याची, त्याची घडण उघडून पाहण्याची, त्यात बदल करण्याची आणि त्याच्या प्रती वाटण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते ते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून ही चळवळ चालू आहे. २०१२ मध्ये सुरू झालेला ओबीएस त्याच परंपरेतील जनरल पब्लिक लायसन्सखाली दिला जातो. त्याला वेळेची मर्यादा नाही, चित्रावर नाव उमटत नाही, आणि कारखान्यातील व्यावसायिक कामासाठी तो वापरायलाही कोणाची परवानगी लागत नाही. मालकांना हे शेवटचे वाक्य अवश्य वाचून दाखवा.

व्हायरसची तुमची भीती मात्र पूर्णपणे खोटी नाही, तिचे ठिकाण तेवढे चुकले आहे. धोका ओबीएसमध्ये नाही, ओबीएसच्या नावाने चालणाऱ्या बनावट पानांमध्ये आहे. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सर्वांत वर दिसणारी जाहिरात पुष्कळदा मूळ ठिकाणाकडे नेत नाही. पत्ता स्वतः टाइप करा, ‘ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम’, आणि तेथूनच सॉफ्टवेअर उतरवा.

तुमच्या ४ जीबीच्या कॉम्प्युटरवर ते चालेल का? विंडोज १० असेल तर चालेल, फक्त त्याला झेपेल तेवढेच मागायचे. (विंडोज ७ वर बसलेल्या वाचकांसाठी सांगतो, की २०२२ मध्ये आलेल्या २८व्या आवृत्तीपासून ओबीएसने विंडोज ७ आणि ८ ची साथ सोडली आहे.) नवशिके येथे नेहमी एक चूक करतात. चित्रण जितके ‘भारी’ तितके चांगले, असे समजून ते सेकंदाला ६० चित्रे टिपू लागतात आणि मग कॉम्प्युटर धापा टाकतो. हिशेबाच्या स्क्रीनवर चेंडू उडत नसतो. सेटिंग्जमधील व्हिडिओ या भागात सेकंदाला १० किंवा २० चित्रे हा पर्याय निवडला तरी तुमच्या कामाला ते भरपूर आहे. त्याच ठिकाणी मूळ आणि अंतिम असे चित्राच्या आकाराचे दोन आकडे दिसतील. ते दोन्ही तुमच्या मॉनिटरइतकेच ठेवा, उदाहरणार्थ १३६६ गुणिले ७६८. ते वेगवेगळे असले की अक्षरे धूसर होतात, आणि आकडे वाचता न येणारे हिशेबाचे रेकॉर्डिंग काय कामाचे?

आणखी एक सेटिंग सोलापूरच्या विजेसाठी. रेकॉर्डिंगची फाइल साध्या एमपी४ ऐवजी एमकेव्ही या प्रकारात साठवा. साधी एमपी४ फाइल रेकॉर्डिंग नीट थांबवल्यावरच पूर्ण होते. मध्येच वीज गेली तर अर्ध्या तासाचे काम उघडतच नाही. एमकेव्ही फाइल मात्र वीज जाईपर्यंतचे सगळे जपून ठेवते, आणि नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतील ‘रीमक्स’ या सोयीने तिची एमपी४ करून घेता येते. त्यात चित्राचा दर्जा घटत नाही आणि वेळही फारसा जात नाही.

चित्र कशाचे घ्यायचे हे ‘सोर्सेस’ या चौकटीत ठरते. तेथे पूर्ण स्क्रीनऐवजी एकच खिडकी टिपण्याचा पर्याय आहे, तो घ्या. मग मागे उघडे राहिलेले व्हॉट्सअॅप आणि टेबलावर विखुरलेल्या फायलींसारखी डेस्कटॉपवर पडलेली नावे चित्रात येत नाहीत. ज्यांना इतका पसारा नको असेल त्यांच्यासाठी विंडोजवर ‘शेअरएक्स’ हे तसेच मुक्त आणि हलके साधन आहे. विंडोज ११ मधील स्निपिंग टूलही आता रेकॉर्डिंग करते, मात्र ते फुकट आहे, मुक्त नव्हे. लिनक्स वापरणाऱ्यांकडे ‘सिंपलस्क्रीनरेकॉर्डर’ हा जुना, भरवशाचा गडी आहे, पण तो एक्स११ या स्क्रीनवर चित्र दाखवण्याच्या जुन्या पद्धतीवर चालतो. नव्या वेलँड पद्धतीवर ओबीएसच बरा. उबंटूसारख्या लिनक्स प्रणालींत असलेले ग्नोम या डेस्कटॉपचे स्वतःचे रेकॉर्डर कळ दाबताच सुरू होते खरे, पण ते आवाज टिपत नाही. साधनांविषयी एवढे पुरे. याहून अधिक खोलात गेलात, तर रेकॉर्डिंग करण्याऐवजी सेटिंग्ज लावण्यातच महिना जाईल, आणि तसे होताना मी अनेकांना पाहिले आहे.

आवाजाकडे मात्र चित्रापेक्षा अधिक लक्ष द्या. चित्र थोडे कमी असले तरी माणूस सोसतो, आवाज खरखरीत होऊन कानाला लागला की व्हिडिओ बंद करतो. शेजारच्या शेडमधील मागांची खडखड तुम्हाला २२ वर्षांनी ऐकू येत नसेल, माइकला येते. ओबीएसमध्ये आवाज गाळण्याची चाळणी आहे आणि पंख्याची घरघर ती चांगली काढते, पण मागाच्या ठोक्यांपुढे तिचे फार चालत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत किंवा कारखाना बंद असताना बोला. मोबाइलच्या इअरफोनचा माइक चालेल, फक्त तो ओठांच्या अगदी समोर न धरता हनुवटीच्या बाजूला ठेवा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेल्यावर पंखा बंद करून बसणे ही शिक्षाच आहे, पण ती तीन-चार मिनिटांचीच आहे. बोलताना ओबीएसच्या ‘ऑडिओ मिक्सर’ चौकटीतील आवाजाची पट्टी हिरव्यातून पिवळ्यात जावी, लाल रंगात जाऊ नये. आणि ती पट्टी हलते आहे ना, हे सुरू करण्यापूर्वी एकदा डोळ्यांनी पाहा. मी स्वतः एकदा ४० मिनिटे तन्मयतेने बोललो होतो, आणि माइक मुळात निवडलेलाच नव्हता.

तुमच्या हेलाविषयी मी तुमच्याशी वादच घालणार आहे. तुम्ही असे गृहीत धरता, की रेकॉर्डिंगमधील मराठी ही बातम्यांतील मराठी असली पाहिजे. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारा आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प आपण पाहिला नसेल तर जरूर पाहा. साधारण १० मिनिटांचे, स्क्रीनवरील कृती आणि सोबत संथ निवेदन असे ते पाठ आहेत, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे निवेदन वेगळे करून जोडलेले आहे. चित्र एक, आवाज अनेक, ही त्यांची रीत सोलापूरसाठीच सुचली असावी असे मला वाटते. आपल्या गावात मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा एकाच टपरीवर चहा पितात. त्या दोन मुलींपैकी एखादी शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातील असेल, तर तिच्यासाठी तेच चित्र ठेवून तेलुगूत पुन्हा बोला. ‘केडेनलाइव्ह’ किंवा ‘ओपनशॉट’ या मुक्त संपादन साधनांत पहिला आवाज काढून दुसरा बसवता येतो. ज्याला तुम्ही उणीव समजता त्याच्या जोरावर हे काम तुम्ही दोनदा करू शकता. आणि मराठीतही ‘जमा बाजू’, ‘बिलटी’, ‘कच्चं बिल’ असेच बोला. ऑफिसात तुम्ही जे शब्द उच्चारता तेच त्या मुलींना उद्या व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकायचे आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मालक म्हणाले, ‘सगळे’ रेकॉर्ड करा. या ‘सगळे’ शब्दाला तुम्ही विनयपूर्वक हरकत घ्यावी, असे मला वाटते, आणि त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण असे, की सगळे दाखवता येत नाही आणि दाखवूही नये. आठवड्याच्या पगारपत्रकात कामगारांची नावे, त्यांच्या खात्यांचे क्रमांक, कोणी किती उचल घेतली आहे, हे सारे असते. एखाद्या कामगाराची उचल ही त्याची आणि कारखान्याची गोष्ट आहे, दोन शिकाऊ मुलींच्या मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओची नव्हे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आपल्या देशात २०२३ मध्ये कायदाही झाला आहे, पण कायदा नसता तरी ही गोष्ट तितकीच खरी राहिली असती. नंतर संपादन करताना त्या जागा पुसट करू, असा विचार मनात येईल. तो सोडा, कारण यादी वरखाली सरकते, एखादी ओळ नजरेतून निसटते, आणि पुसट केलेली प्रत वाटण्याऐवजी चुकून मूळ प्रतच वाटली जाते. यापेक्षा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक वेगळी नमुना कंपनी उघडा. तिच्यात पाच काल्पनिक कामगार, दोन सूत व्यापारी आणि तीन ग्राहक घाला. हा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे, पण त्यानंतर तुम्ही निर्धास्तपणे रेकॉर्ड करू शकता, आणि त्या मुलींनाही खऱ्या वह्यांना हात न लावता त्याच कंपनीत सराव करता येईल.

सरकारी संकेतस्थळांवर अशी नमुना कंपनी करता येत नाही. तेथे लॉगिन झाल्यानंतरच रेकॉर्डिंग सुरू करा. ब्राउझरची पासवर्ड आणि नावे आपोआप सुचवण्याची सवय आधी बंद करा, कारण तुम्ही एक अक्षर दाबताच ते दहा ग्राहकांची यादी उलगडून ठेवते. ओटीपीचा मोबाइल टेबलावर उलटा ठेवा. मध्येच नको ते उघडावे लागले तर ओबीएसमध्ये थोडा वेळ थांबवण्याचे बटण असते. ते दिसत नसेल, तर रेकॉर्डिंगचा दर्जा ‘स्ट्रीमप्रमाणेच’ असा ठेवलेला असेल, तो बदलला की बटण दिसू लागते.

दुसरे कारण तुमच्या वेगळ्या शाईतल्या ओळीशी जाऊन मिळते. ई-वे बिलाचे उदाहरण घेऊ. परराज्यात ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल पाठवताना ते काढावे लागते. कोणती चौकट कशाने भरायची, ‘भाग ब’मध्ये गाडीचा क्रमांक कोठे टाकायचा, हे स्क्रीनवर दिसते आणि ते चार मिनिटांत टिपता येते. परंतु गाडी वाटेत बिघडली आणि माल दुसऱ्या ट्रकमध्ये चढवला, तर रात्री कोणाला फोन करून नवा क्रमांक टाकायचा, बिलाची मुदत साधारणपणे दर २०० किलोमीटरला १ दिवस असताना हैदराबादच्या मालाला दमछाक न होता वेळ कसा पुरवायचा, चूक लक्षात आल्यावर ते रद्द करण्यासाठी २४ तासच हाती असतात म्हणून संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी कोणती यादी तपासायची, यांतले काहीही स्क्रीनवर दिसत नाही. स्क्रीन फक्त माउस कोठे गेला ते दाखवते. तो तेथे का गेला, हे तुमच्याकडे आहे. जॅकार्ड या नक्षी विणणाऱ्या मागाची भोके पाडलेली कार्डे नक्षी सांगतात हे खरे, पण धागा तुटल्याचे मागाच्या आवाजावरून ओळखणारा विणकर तुमच्या शेडमध्ये अजून पगार घेतो आहे.

तरीही तुमची भीती मी उडवून लावणार नाही. काम टिपून घेऊन माणसाला दूर करण्याचे प्रकार होतात. पण रेकॉर्डिंग टाळून ती भीती जात नाही, उलट ‘ताई शिकवायला कचरतात’ असा समज मात्र होतो. त्यापेक्षा मालकांसमोर तुम्हीच एक आराखडा ठेवा, आणि तो तोंडी न ठेवता कागदावर लिहून द्या. कोणत्या २० कामांचे रेकॉर्डिंग करणार, त्यासाठी ऑफिसच्या वेळेतून आठवड्याला किती तास देणार, व्हिडिओ कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या डिस्कवर राहणार, आणि दर तिमाहीत ते तपासून जुने झालेले बदलण्याची जबाबदारी कोणाची, हे सारे त्यात असावे. शेवटच्या कलमापुढे स्वतःचे नाव लिहा. संकेतस्थळांची रूपे बदलत राहतात, त्यामुळे हे काम कधीच ‘सगळे’ होऊन संपणारे नाही. आणि मालकांना विचारायचेच असेल तर सरळ विचारा: “या मुली तयार झाल्यावर माझ्याकडून कोणते काम अपेक्षित आहे?” उत्तर आवडेल याची खात्री मी देऊ शकत नाही. पण ते व्हिडिओ बनवून झाल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

जुने होण्याच्या प्रश्नामुळेच व्हिडिओ लहान ठेवा. महिन्याच्या जीएसटीचा एक तासभराचा व्हिडिओ केलात आणि उद्या संकेतस्थळावरचे एक पान बदलले, तर सगळा तास वाया जाईल. ११ तारखेच्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राचा वेगळा, २० तारखेच्या ३बी या करभरणीच्या विवरणपत्राचा वेगळा, आणि त्यांतही विक्रीची यादी चढवणे वेगळे, असे केलेत तर चार मिनिटांचा एकच तुकडा पुन्हा करावा लागेल. फाइलच्या नावात काम आणि महिना लिहा, ‘नवीन १’, ‘फायनल २’ अशी नावे ठेवू नका. जागेची काळजी नको: सेकंदाला १ मेगाबिट या दराने १० मिनिटांचे रेकॉर्डिंग ७५ मेगाबाइटचे होते. व्हॉट्सअॅपवरून पाठवायची वेळ आलीच तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते अक्षरांचा चुरा करते.

सुरुवात ई-वे बिलापासूनच करा. आधी एका कागदावर काय बोलणार ते आठ-दहा ओळींत लिहा, एकदा रेकॉर्डिंग न करता ते काम करून पाहा, आणि मग बटण दाबा. अडखळलात तर थांबू नका. क्षणभर गप्प राहा आणि ते वाक्य पुन्हा बोला, चुकलेला तुकडा नंतर कापता येतो. फाइल तयार झाली की त्या दोघींपैकी एकीला कॉम्प्युटरसमोर बसवा, व्हिडिओ लावून द्या, आणि नमुन्याचे एक बीजक तिच्या हातात ठेवा. तुम्ही तिच्या मागे खुर्ची घेऊन बसा आणि एक शब्दही बोलू नका. ती जेथे थांबून तुमच्याकडे वळून पाहील, ती जागा कागदावर टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी फक्त तेवढ्याचे रेकॉर्डिंग पुन्हा करायचे आहे.